घरच्या संगणकाला बाहेर जाणाऱ्या वाटेवर पहारा हवा काय?

सोलापूरकरांना जकात नाका म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. जकात बंद झाली, चौक्याही गेल्या. तरी विजापूर नाका, जुना पुणे नाका ही नावे आपल्या तोंडी राहिली आहेत. नाक्यावर शहरात येणारा माल थांबवीत, तपाशीत आणि पावती फाडीत. शहरातून बाहेर निघालेल्या चादरींच्या गठ्ठ्यांची तशी झडती होत नसे, कारण जकात आत येणाऱ्या मालावर होती. संगणकाच्या 'फायरवॉल'चा अभ्यास करताना हा नाका डोळ्यांपुढे ठेवावा, म्हणजे पुढचे विवेचन सोपे जाईल.

प्रस्तुत लेखात आम्ही एका मर्यादित प्रश्नाचा विचार करणार आहोत. घरी इंटरनेट वापरणाऱ्या कुटुंबाने संगणकातून बाहेर जाणारी माहिती अडविण्यासाठी वेगळा फायरवॉल प्रोग्राम बसवावा काय? एमएस-सीआयटी केलेले विद्यार्थी हा प्रश्न नेहमी विचारतात. दुकानदाराला विचारले तर तो 'घ्याच' म्हणतो. त्याच्या सल्ल्यात त्याचा नफाही असतो हे सांगणे न लगे.

प्रश्न तांत्रिक दिसतो, पण त्याचा संबंध आपल्या घरातील कागदपत्रांशी आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज आता महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावे लागतात. त्यासाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, गुणपत्रिका या सर्वांची छायाचित्रे संगणकात घ्यावी लागतात. वस्तीतील एखादा शिकलेला मुलगा शेजारच्या दहा मुलांचे अर्ज आपल्या संगणकावर भरून देतो. हे काम चांगलेच आहे. परंतु अर्ज भरून झाल्यावर दहा घरांचे दाखले त्याच संगणकात पडून राहतात आणि ते पुसून टाकण्याची आठवण कोणाला राहत नाही. असा संगणक गुपचूप बाहेर बोलू लागला तर नुकसान एका घराचे होत नाही.

फायरवॉल म्हणजे नेमके काय

इंटरनेटवर माहिती लहान लहान पाकिटांच्या रूपाने फिरते. प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो, आणि शिवाय दाराचा क्रमांक असतो. या दाराला 'पोर्ट' म्हणतात. पोर्टचे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. सुरक्षित संकेतस्थळे ४४३ क्रमांकाच्या दारातून बोलतात, टपालाची देवघेव करणारे सर्व्हर २५ क्रमांक वापरतात. कोणते पाकीट कोणत्या दाराने जाऊ द्यायचे याचे नियम लावणारी व्यवस्था म्हणजे फायरवॉल. ती दोन ठिकाणी असू शकते: भिंतीवर टांगलेल्या राउटरमध्ये किंवा खुद्द संगणकात. संगणकातील फायरवॉलला एक गोष्ट जास्त कळते. पाकीट कोणत्या प्रोग्रामने पाठविले हे तिला दिसते. राउटरला ते दिसत नाही.

आत येणाऱ्या पाकिटांविषयी फारसा वाद नाही. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या काळी टेलिफोनची तार मोडेमला जोडली की आपला संगणक थेट जगाच्या रस्त्यावर उभा राही. मधे कोणी नसे. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण ती बंद अवस्थेत येई. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाचा कीटक पसरला, तेव्हा वापरणाऱ्याने काहीही न उघडता, केवळ इंटरनेट जोडल्यामुळे, संगणक बाधित झाले. एका मिनिटात संगणक बंद होणार अशी सूचना पडद्यावर येई, हे सायबर कॅफेच्या जमान्यातील वाचकांना आठवत असेल. पुढे ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर मायक्रोसॉफ्टने फायरवॉल आपोआप चालू ठेवण्यास सुरुवात केली. आज घरोघरी राउटर आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे आपले घरगुती पत्ते बाहेरच्यांना दिसत नाहीत, आणि आपण न बोलावलेले पाकीट राउटरच्या दाराशीच पडते. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत प्रत्येक यंत्राला जगजाहीर पत्ता मिळू शकतो. तेथे राउटरमधील फायरवॉल चालू आहे ना, एवढे एकदा पाहून घ्यावे. आतल्या नाक्याचा प्रश्न एवढ्यावर सुटतो.

बाहेरच्या वाटेचा प्रश्न

२००० साली 'झोन अलार्म' नावाचा प्रोग्राम घरगुती वापरासाठी फुकट मिळू लागला आणि या प्रश्नाला तोंड फुटले. एखादा प्रोग्राम इंटरनेटवर जाऊ लागला की झोन अलार्म पडद्यावर चौकट आणून विचारी, याला जाऊ द्यायचे काय? तोपर्यंत लोकांना कल्पनाही नव्हती की आपल्या संगणकातील किती प्रोग्राम आपल्याला न विचारता कोठे कोठे निरोप पाठवितात. हा त्याचा मोठा उपयोग झाला आणि तो आम्ही नाकारीत नाही.

विंडोजमध्ये बाहेर जाणाऱ्या वाटेचे नियम लावण्याची सोय व्हिस्टापासून, म्हणजे घरगुती ग्राहकांसाठी २००७ पासून आली. परंतु आजच्या विंडोज ११ मध्येसुद्धा ठेवण अशीच आहे की आत येणारे, परवानगी नसेल तर अडवावे. बाहेर जाणारे, मनाई नसेल तर जाऊ द्यावे. येथे विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो. नवा प्रोग्राम टाकल्यावर विंडोज फायरवॉलची जी चौकट उघडते, ती त्या प्रोग्रामला बाहेरून येणाऱ्या जोडण्या घेऊ द्यायच्या काय एवढेच विचारते. तेथे नकार दिला म्हणून तो प्रोग्राम बाहेर बोलायचा थांबत नाही.

एक गोष्ट जाता जाता नमूद करावीशी वाटते. आपल्याकडे बाहेर जाणारी वाट अडविण्याचा सर्वांत प्रचलित उपयोग सुरक्षेसाठी होत नाही. छपाईचे, चित्रकलेचे किंवा हिशेबाचे महागडे सॉफ्टवेअर चोरून वापरताना ते आपल्या कंपनीशी बोलून परवाना तपासू नये, म्हणून 'आउटबाउंड ब्लॉक कर' असा सल्ला दिला जातो. हा सल्ला देणारे चलाख असतात, पण त्यांचे लक्ष भलत्या चोराकडे असते. कारण कुलूप तोडण्यासाठी जो 'क्रॅक' प्रोग्राम चालविला जातो, त्याच्याच पोटात पासवर्ड चोरणारा प्रोग्राम दडलेला असण्याचा संभव मोठा. कंपनीचा प्रोग्राम बांधून ठेवला आणि चोराला चहापाणी केले, असा हा प्रकार आहे.

पहारेकरी आणि त्याला उत्तर देणारा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. प्रत्येक वेळी विचारणारी फायरवॉल सामान्य कुटुंबाच्या सुरक्षेत थोडीच भर घालते, असे आमचे मत आहे.

याचे पहिले कारण म्हणजे उत्तर कोण देणार? पडद्यावर येते की 'सर्व्हिस होस्ट' इंटरनेटवर जाऊ इच्छितो. हा विंडोजचाच भाग आहे. संकेतस्थळांची नावे शोधणे, सुधारणा उतरवून घेणे, घड्याळ जुळविणे अशी अनेक कामे त्याच्यामार्फत चालतात. नाही म्हटले तर नेट बंद पडते आणि घरात ओरड होते. हो म्हटले तर त्याच नावाआड दडणाऱ्यालाही वाट मिळते. पहिल्या दिवशी माणूस वाचून उत्तर देतो, चौथ्या दिवशी न वाचता 'हो' दाबतो. आई मोबाइलचे बिल भरण्यास बसली आहे, मुलाची परीक्षेची नोंदणी चालू आहे, अशा वेळी चौकट आली तर ती हो म्हणूनच मिटवली जाणार. यात त्यांचा दोष नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर देण्याइतकी माहिती माणसाजवळ नाही, तो प्रश्न त्याला दिवसातून दहा वेळा विचारणे हीच मुळात चुकीची रचना आहे.

दुसरे कारण असे की पहारेकरी आणि चोर एकाच घरात राहतात. चोर प्रोग्राम जर प्रशासकाच्या, म्हणजे 'अॅडमिनिस्ट्रेटर'च्या अधिकाराने चालला, तर तो फायरवॉलच्या वहीत स्वतःच्या परवानगीचा नियम स्वतःच लिहू शकतो. अमेरिकेतील स्टीव्ह गिब्सन यांनी २००० साली 'लीकटेस्ट' नावाचा छोटा प्रोग्राम काढला होता. त्याला परवानगी असलेल्या प्रोग्रामचे नाव दिले की त्या वेळच्या काही फायरवॉल त्याला निमूटपणे जाऊ देत. नंतरच्या फायरवॉल सुधारल्या, पण चोरही सुधारले. ते ब्राउझरच्या अंगात शिरून बोलतात, ४४३ च्याच दाराने जातात, मजकूर कुलूपबंद असतो, आणि कधी कधी माल टेलिग्रामसारख्या रोजच्या वापरातील सेवेच्या हवाली करतात. पाकिटावरचा पत्ता पाहून संशय यावा असे काही उरत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. 'रेडलाइन' किंवा 'लुमा' यांसारखे माहितीचोर प्रोग्राम ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड, चालू असलेल्या लॉगिनच्या खुणा व निवडक फाइली गोळा करून अल्पावधीत पाठवून देतात. रेडलाइनच्या यंत्रणेवर ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि लुमाच्या यंत्रणेवर मे २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय कारवाई झाली, यावरून त्यांचा पसारा लक्षात यावा. चोर घरात शिरल्यावर दारात उभे राहून त्याची पिशवी तपासण्यापेक्षा त्याला घरात न घेणे सोपे, हे यातून दिसते.

ज्यांनी क्विक हीलसारखे पूर्ण सुरक्षा पॅकेज घेतले आहे त्यांच्याकडे फायरवॉल आधीच आहे. हे उत्पादन आपल्या महाराष्ट्रातले. सातारा जिल्ह्यातून पुण्यास आलेल्या कैलाश व संजय काटकर या बंधूंनी १९९० च्या दशकात संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातून ते उभे केले. त्यावर आणखी एक फायरवॉल विकत घेऊन बसवू नये. दोन पहारेकरी एकमेकांनाच अडवितात.

मोबाइल, मोडेम आणि कॅमेरा

आपल्या बहुतेक घरांत संगणक एक आणि मोबाइल चार, अशी स्थिती आहे. म्हणून केवळ संगणकाच्या फायरवॉलची चर्चा अपुरी ठरते.

लग्नपत्रिका, वाहनाचा दंड किंवा बँकेची केवायसी अशा नावाने व्हॉट्सअॅपवर जी एपीके फाइल येते, ती उघडून बसविली की ती एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. परवानगी दिली की बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जाऊ लागतो. मोबाइलमध्ये 'नेटगार्ड'सारखे प्रोग्राम एकेका अॅपचे इंटरनेट बंद करू शकतात. पण चोर अॅप तोच ओटीपी साध्या एसएमएसने पुढे पाठवू लागले, तर इंटरनेटवरचा पहारा तेथे काय करणार? आणि 'डिजिटल अरेस्ट'च्या धाकाने माणूस स्वतःच फोनवर सर्व सांगतो, त्याला तर कोणतीच फायरवॉल पुरत नाही.

मोडेमची कथा वेगळी आहे. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे मोडेम एका हल्ल्यात बाधित झाले. ज्यांनी कारखान्यातून आलेला 'अॅडमिन' हाच पासवर्ड तसाच ठेवला होता, ते त्यात सापडले. त्याआधी २०१६ मध्ये 'मिराई' या प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे व राउटर याच युक्तीने ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्या जोरावर अमेरिकेतील डाइन या कंपनीच्या सेवेवर इतकी पाकिटे ओतली की ट्विटरसारखी मोठी संकेतस्थळे काही काळ उघडेनात. म्हणजे दारावर लावलेला कॅमेरा मालकाच्या नकळत परदेशात दगडफेक करीत होता! ही बाहेर जाणारीच रहदारी होती, आणि टेबलावरच्या संगणकातील फायरवॉलला तिचा पत्ताही लागला नसता. तेथे पासवर्ड बदलणे हाच उपाय होता.

मग बाहेरची वाट पाहायचीच नाही काय?

तसे आम्ही म्हणत नाही. बाहेर जाणारी रहदारी हा रोग ओळखण्याचा उत्तम मार्ग आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले, ते याच तत्त्वावर काम करते. बाधित संगणक बाहेरच्या चोरांशी बोलू लागले की त्यांचे पत्ते कळतात, इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीमार्फत ग्राहकाला सूचना जाते, आणि सफाईची साधने केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. येथे पहारा घराबाहेर आहे, म्हणून चोराला तो बंद करता येत नाही.

काही लोकांना मात्र जास्त दक्षता घ्यावी लागते. भीमा-कोरेगाव प्रकरणात जप्त झालेल्या संगणकांच्या प्रती बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने तपासल्या. २०२१ मध्ये उजेडात आलेल्या तिच्या अहवालांनुसार, रोना विल्सन यांच्या संगणकात १३ जून २०१६ च्या एका ई-मेलमधून 'नेटवायर' हा प्रोग्राम शिरला, सुमारे २२ महिने संगणक परक्याच्या ताब्यात राहिला, आणि त्यात कागदपत्रे ठेवली गेली. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाविषयीही तिने असेच म्हटले आहे. राष्ट्रीय तपास यंत्रणेला हे निष्कर्ष मान्य नाहीत, आणि त्यातील खरेखोटे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. नेटवायर हा प्रोग्राम उघडपणे विकला जात होता. मार्च २०२३ मध्ये त्याचे संकेतस्थळ जप्त करण्यात आले. आपल्या विषयापुरता बोध असा की अशा प्रोग्रामला मालकाशी बोलण्यासाठी बाहेर जावेच लागते, आणि बाहेरची वाट खुली असली की आज्ञा व फाइली आतही येतात. वकील, पत्रकार, चळवळीतील कार्यकर्ते, आणि देणग्यांचा व सभासदांचा हिशेब ठेवणारे संस्थेचे चिटणीस यांनी बाहेरच्या वाटेवर लक्ष ठेवणे योग्यच आहे. फक्त तो पहारा प्रश्न विचारणारा नसावा, आधी विचार करून लावलेला असावा.

कसा, ते सांगतो. रोजच्या कामासाठी 'स्टँडर्ड यूजर' खाते वापरावे व प्रशासकाचा पासवर्ड एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावा. मग चोर प्रोग्रामला फायरवॉलच्या वहीत सहजासहजी लिहिता येत नाही. राउटरमध्ये डीएनएस म्हणून ९.९.९.९ हा क्वाड-नाइनचा पत्ता घालावा. ही सेवा घातक म्हणून नोंदलेल्या संकेतस्थळांची नावे उलगडून देत नाही, आणि त्याचा लाभ घरातील मोबाइल-कॅमेऱ्यांसकट सर्वांना मिळतो. पैसे लागत नाहीत.

यानंतर विंडोजच्या 'अॅडव्हान्स्ड सिक्युरिटी' फायरवॉलमध्ये 'आउटबाउंड रूल्स' उघडून दोन-तीन प्रोग्रामांना कायमची मनाई करावी. हे प्रोग्राम म्हणजे विंडोजमधील पॉवरशेल, एमएसएचटीए आणि स्क्रिप्ट होस्ट. घरगुती वापरात यांना इंटरनेटवर जाण्याचे कारण क्वचितच पडते, पण चोरांना ते फार आवडतात. अलीकडे काही संकेतस्थळांवर 'आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा' असे सांगून विंडोजची कळ व आर ही कळ एकत्र दाबावयास लावतात, मग चिकटवा आणि एंटर दाबा म्हणतात. त्या चिकटवलेल्या ओळीतून पॉवरशेल किंवा एमएसएचटीए बाहेर जाऊन चोर प्रोग्राम आणतो. वरील नियम लावला असेल तर हा ठरावीक प्रकार तेथेच अडकतो. ज्या विद्यार्थ्यांना प्रोग्रामिंगसाठी पॉवरशेल लागते त्यांनी त्याचा नियम गरजेपुरता बंद करून पुन्हा चालू करावा.

शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणाऱ्यांना एक विनंती आहे. अर्ज सादर झाला की दाखल्यांच्या प्रती विद्यार्थ्याच्या पेन ड्राइव्हवर देऊन आपल्या संगणकातून पुसून टाकाव्यात, आणि 'रिसायकल बिन'ही रिकामा करावा. बँकेचा व महाडीबीटीचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नये.

संगणक बाहेर बोलतो आहे असा संशय आला तर 'रिसोर्स मॉनिटर'मधील नेटवर्कच्या पानावर कोणता प्रोग्राम कोणत्या पत्त्याशी जोडला आहे हे दिसते. अनोळखी नाव दिसले म्हणजे चोरच असे नव्हे. ते लिहून घेऊन जाणकाराला दाखवावे. पैसे गेले असतील तर प्रथम नेटची तार काढावी किंवा वाय-फाय बंद करावे, दुसऱ्या फोनवरून १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी व बँकेला कळवावे. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून. संगणक मात्र तक्रार नोंदविण्यापूर्वी फॉरमॅट करू नये. पोलिसांना तपासण्यासारखे जे काही असते ते त्यातच असते.